उरलेला नट

शाळेच्या वहीत लाल शाईनं तिसऱ्यांदा आलं:
पालकांनी समक्ष भेटावे.
गेलो. नखांत ग्रीस तसंच.
बाई म्हणाल्या, नाव धैर्यशील,
आणि दोन मिनिटं एका जागी धीर नाही.
खिडकीची कडी काढली. घंटेचा टोल लपवला.
बाकाचे सगळे खिळे उपसून ठेवले.
मी खुर्चीच्या कडेवर बसून मान हलवत होतो
आणि मनात विचार, बाकाचे खिळे?
नुसत्या हातानं?

येताना टिंबर मार्केटच्या वळणावर
त्यानं माझा हात झटकला.
मीही पुन्हा धरला नाही.

शेजारच्या लिंग्रसकाकू कठड्यावरून
हळू म्हणायचं ते मोठ्यानं म्हणाल्या,
पोराचा एखादा स्क्रू ढिला असणार,
दाखवून घ्या कुठंतरी.

रात्री तो माझ्या पेटीतला पेचकस घेऊन
अंथरुणाशी उभा.
"कुठला?"
"काय कुठला?"
"ढिला हाय तो. कुठला? किती नंबरचा?"

बावीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा आहे,
केसाच्या जाडीइतका फरक बोटाला कळतो.
त्या रात्री मी पांघरूण तोंडावर घेतलं.

रविवारी शिरोली नाक्यावरच्या भंगारातून
आठशे रुपयांना एक लूना आणली, ढकलत,
दोघं मिळून, तो एका बाजूनं, मी एका.
वैजयंता दारातच म्हणाली,
"एक बिघडलेलं कमी होतं व्हय घरात?"
आणि तिनंच जीभ चावली.
तो सीटवरची धूळ पुसत होता.
पुसतच राहिला.

एकच नियम केला.
उघडशील ते ओळीनं मांडायचं.
ज्याच्या चपला कधी एका खोलीत सापडल्या नाहीत
त्यानं जुन्या पेपरवर खडूनं गोल काढले,
प्रत्येक वायसरला घर, घराला नंबर.
मळीचा वास घेऊन बावड्याकडून वारा यायचा,
पेपर उडायचा,
तो त्याच्यावर पालथा पडायचा, दोन्ही हात पसरून.

सगळं असंच गेलं असं नाही.
श्रावणात एकदा क्लच बसेना,
मी म्हणालो, सर बाजूला, तुला जमायचं नाही,
आणि पाना आला सरळ भुवईवर.
सीपीआरमध्ये तीन टाके.
डॉक्टरला सांगितलं, मशीनवर लागलं.
त्याच्या आधी मी हात उचलला होता
ते नाही सांगितलं.
घरी आलो तर तो लूनाच्या मागं, अंधारात,
कार्बोरेटरच्या जेटमध्ये तांब्याची एक तार घालत
फुंकत, उजेडाकडं धरत, परत फुंकत.
मी बाजूला बसलो. बोललो नाही.
साडेअकरा वाजले.
"पप्पा, दिसतंय बघा आरपार."
एक डोळा पट्टीखाली होता, दुसऱ्यानं बघितलं.
सुईएवढ्या भोकातून रस्त्यावरचा दिवा.

दसऱ्याला झेंडूची माळ घालून
रंकाळ्याच्या कडेनं पायडल मारलं.
खोकली, थुंकली, धरलं इंजिननं.
मी मागं पळतोय, तो ओरडतोय,
धूर असा की भेळवाला गाडा सोडून उठला.
तांबट कमानीपर्यंत गेली. बंद पडली.

घरी पेपरवर एक गोल भरलेलाच.
एक नट उरलेला.
मी सगळं परत उघडायला निघालो,
झोप येईना मला त्या नटापायी.
तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे की.
त्याच्याबिगर चालली न्हवं?"

दिवाळीनंतर चौथ्यांदा लाल शाई.
गेलो. बाई बोलत होत्या,
मी खिशात नटाच्या आट्यांवरून
नख फिरवत होतो, गोल, गोल.
बाहेर पायरीवर तो,
शिपायाच्या सायकलची उतरलेली चेन मांडीवर घेऊन,
हात कोपरापर्यंत काळे.
"पप्पा, दहा-अकराचा पाना आणलाय?"

आणला होता.